सेप्सिसमध्ये अवयव वाचवायचे तर

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात ५५ बालकं दगावल्याची बातमी आली आणि राज्यभर खळबळ उडाली. चर्चा झाली ती काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्याची आणि खासगी दवाखान्यांतून बाळं अगदी अखेरच्या घटकेला पाठवली गेल्याची. त्या सगळ्या मृत्यूंचं खापर जंतुसंसर्गावर फोडता येणार नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांच्या जिवावर उठणाऱ्या गोष्टींत सेप्सिसचा क्रमांक फार वरचा आहे. सेप्सिसमध्ये माणूस जातो तो अवयव एकामागून एक बंद पडल्यामुळे. हे अवयव वाचवायचे तर जंतू मारण्याइतकंच शरीराचं इंधन सांभाळणं महत्त्वाचं आहे, आणि ते काम महागड्या इंजेक्शनांपेक्षा अगदी साध्या गोष्टींनी अधिक भरवशाने होतं, असं आजवरचा पुरावा सांगतो.

२०१६ मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून अवयवांना झालेली जीवघेणी इजा. गंमत अशी की सेप्सिसने दगावलेल्यांचं हृदय आणि मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा मेलेल्या पेशी फारच थोड्या आढळल्या. अवयवाचं काम थांबलं होतं, पण त्याच्या पेशी बहुतांशी जिवंत होत्या. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे तपासले. जे पुढे दगावले, त्यांच्या पेशींत एटीपी, म्हणजे पेशीची वापरायला तयार ऊर्जा, वाचलेल्यांपेक्षा कमी होती. पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडली, की रक्तात साखर आणि ऑक्सिजन असूनही त्यांचा उपयोग होत नाही. तेव्हा पेशी भारनियमन करते: जगण्यापुरतं चालू ठेवते, बाकीचं काम बंद करते. ही बचत काही काळ तारते आणि फार लांबली तर मारते. मूत्रपिंड थांबलं म्हणजे ते मेलंच असं नाही, हे नातेवाइकांनाही कळायला हवं. संसर्ग आटोक्यात आला की कित्येकांची लघवी पुन्हा सुरू होते.

मग बाहेरून जोर लावून पेशीतले हे ऊर्जेचे कारखाने चालू करता येतील का? प्रयत्न कमी झाले नाहीत. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथे इन्सुलिन देऊन साखर ८० ते ११० मध्ये काटेकोर ठेवल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण अधिक वाचले आणि जगभर ती पद्धत पसरली. २००९ मध्ये सहा हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीत उलटंच दिसलं: काटेकोर गटात २७.५ टक्के मृत्यू, तर १८० पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. क जीवनसत्त्वाचं तसंच झालं. २०१७ मध्ये ४७ रुग्णांवरच्या अनुभवाने मोठी आशा लावली. २०२२ च्या चाचणीत मात्र ते दिलेल्यांत मृत्यू किंवा टिकून राहिलेली अवयवांची इजा ४४.५ टक्के निघाली, न दिलेल्यांत ३८.५. ‘चार दिवस पोटात काही नाही’ ही घरच्यांची काळजी अगदी रास्त आहे. तरीही शॉकमधल्या, व्हेंटिलेटरवरच्या प्रौढ रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत कमी उष्मांक दिल्याने मृत्यू वाढले नाहीत, उलट अतिदक्षता विभागातून ते लवकर बाहेर पडण्याजोगे झाले, असं २०२३ च्या फ्रेंच चाचणीत दिसलं.

यावर कुणी म्हणेल, मग आजाऱ्याला उपाशीच ठेवायचं का? प्रौढांचा हा धडा नवजात बाळाला लावणं घातक ठरेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या यकृतात साखरेचा साठा नाममात्र असतो. अंग गार पडलं की ते पाठीवरची, मानेजवळची खास चरबी जाळून ऊब तयार करतं, आणि त्यात ऑक्सिजन आणि साखर दोन्ही खर्ची पडतात. निफाडचा पारा एक आकडी होतो त्या रात्री हा खर्च किती वाढत असेल! म्हणून टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब मोलाचा. पट्टीवर साखर ४५ च्या खाली दिसली आणि बाळ सुस्त असलं, तर दहा टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे दोन मिलिलिटर शिरेतून देतात आणि पुढे थेंबाथेंबाने चालू ठेवतात. आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळ धरण्याची कांगारू पद्धत तर याहून स्वस्त. भारतासह पाच देशांत एक ते १.८ किलोच्या बाळांना ती जन्मानंतर लगेच दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले आणि संशयित सेप्सिसही घटला. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांकडून घरोघरी बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, तर सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. हे श्रेय आरोग्यदूतांनी टोचलेल्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं, उबेचं नव्हे, असा आक्षेप घेता येतो आणि तो बराचसा खरा आहे. प्रतिजैविक उशिरा मिळालं तर नुसती ऊब बाळाला वाचवणार नाही. पण त्याच आरोग्यदूतांनी बाळ गुंडाळलं, अंगावर पाजायला लावलं, श्वास मोजला. औषध जंतू मारेपर्यंत अवयवांनी तग धरायचा असतो, आणि ती मुदत या गोष्टी वाढवतात. शरीराचं इंधन सांभाळणारं औषध शोधण्याचं संशोधन चालूच राहायला हवं. पण आज हाती असलेलं आधी पुरं वापरलं पाहिजे.

सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून नाशिकला येणारं बाळ वाटेतच गार आणि उपाशी पडतं, आणि ते टाळणं आपल्या हाती आहे. बाळ दूध ओढेनासं झालं, तळपाय गार लागले, रडणं क्षीण झालं किंवा श्वास मिनिटाला साठवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, बाळाला आईच्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, ओढत असेल तर पाजा, आणि रुग्णालयात पोचताच साखर तपासायला सांगा.