ज्वाळा गेली, आग राहिली

पौषात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या शिवारात रब्बी ज्वारीची कणसं हिरव्या, दुधाळ दाण्यांनी भरतात आणि बांधाबांधावर आगट्या पेटू लागतात. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या. ज्वाळा भडकून खाली बसली की लालबुंद इंगळात कणसं खुपसायची, फिरवायची, चटका सोसत हातावर चोळायची, फोलपट फुंकून टाकायचं आणि उरलेला हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. ज्या जिल्ह्याच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाचं नाव 'परभणी मोती' ठेवलं, तिथल्या लोकांना हुरड्याचं कौतुक मी काय सांगणार. मला या सोहळ्याच्या शेवटाबद्दल बोलायचंय. खाणं आटोपतं, पाहुणे गाडीकडे निघतात आणि कुणीतरी पायाने चार ढेकळं आगटीत ढकलतो. धूर थांबतो. 'विझली' म्हणून सगळे मोकळे होतात.

गंमत अशी, की ही आग उद्या सकाळपर्यंत जिवंत ठेवायची असती, तरी नेमकं असंच काहीतरी करावं लागलं असतं.

हे कळायला आधी आगीकडे नीट बघायला हवं. आपण एक आग म्हणतो तेव्हा तिथे खरं तर दोन आगी असतात, एकीच्या पाठीमागे दुसरी. लाकूड, गोवरी किंवा पऱ्हाटी साधारण अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापली की तिच्यातले मोठे रेणू तुटू लागतात आणि वायू बाहेर पडतात. सुक्या लाकडाच्या वजनातला तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग असा वायू होऊन निघून जातो. जळतो तो हा वायू. ज्वाळा लाकडाला चिकटलेली दिसते, पण बारकाईने पाहिलं तर दोघांच्या मधे एक सूक्ष्म अंतर असतं. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, 1848 मध्ये आणि पुन्हा 1860-61च्या नाताळात. त्यात त्याने दाखवलेला एक प्रयोग आजही घरी करता येतो. मेणबत्ती हलकेच विझवा आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढुरक्या रेघेला, वातीपासून थोडं वर, जळती काडी लावा. ज्वाळा त्या रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. जळणारी वस्तू हवेतच तरंगत होती, हे डोळ्यांना दिसतं.

वायू संपला की ज्वाळा संपते. मागे राहतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन, म्हणजे निखारा. ही दुसरी आग. तिच्यात हवेतला ऑक्सिजन थेट त्या घन पृष्ठभागावर येऊन भिडतो. फार तर एखादी निळसर जिभली वर लवलवते, बाकी सगळं शांत. धूरही नाही.

दोन्ही आगींचा स्वभाव किती वेगळा आहे, हे एका फुंकरीत कळतं. देवापुढच्या निरांजनावर फुंकर मारली तर ज्योत विझते, कारण जळणारा वायू वातीपासून दूर ढकलला जातो आणि थंड होतो. तीच फुंकर फुंकणीतून निखाऱ्यावर घातली तर निखारा केशरी होऊन फुलतो. एकीला मारणारा श्वास दुसरीला उठवतो. पोटात हवा तीच, तोंड तेच. शाळेत रसायनशास्त्र शिकताना ही गोष्ट कुणी सांगितली असती, तर तो विषय मला इतका रुक्ष वाटला नसता.

निखाऱ्याला हवा फारच थोडी पुरते. त्याचा खरा शत्रू आहे गारवा. एकटा निखारा जमिनीवर टाकला तर चहूबाजूंनी उष्णता गमावून बसतो आणि काळा पडतो. तेच दहा-पंधरा निखारे एकमेकांना टेकवून ठेवले तर प्रत्येकजण शेजाऱ्याला ऊब देत राहतो. वरून राखेचं पांघरूण पडलं की उष्णता आतच कोंडते, आणि राख सच्छिद्र असल्यामुळे हवा मात्र थेंब थेंब झिरपत राहते. गोवरी इथे लाकडाच्या पुढे आहे. लाकडाच्या वजनात राख एखादा टक्का निघते. गोवरीत ती पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असू शकते, आणि जळल्यावरही ती गोवरीच्याच आकारात टिकून राहते. म्हणजे गोवरी स्वतःचं पांघरूण स्वतःबरोबर घेऊन येते. हुरड्याला मंद, एकसारखी आच मिळते ती यामुळे.

आता घरातली चूल आठवा. काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं काडी वाचवायची म्हणून, रात्रीचा स्वयंपाक झाला की चुलीतले उरलेले इंगळ एका कोपऱ्यात ओढले जायचे आणि त्यांवर राख सारली जायची. पहाटे ती राख बाजूला केली, वर दोन तुराट्या ठेवल्या, फुंकणीने फुंकलं की जाळ. कोणाचा विस्तव विझलाच तर शेजारून आणायचा. जळण, हवा आणि उष्णता या तिघांचा हिशोब रात्रभरासाठी अचूक बसवणारी ही कारागिरी होती. तिला कुणी तंत्रज्ञान म्हटलं नाही, कारण ती स्वयंपाकघरात होती आणि करणारी बाई होती.

आणि शेतात? पायाने ढकललेली ढेकळं म्हणजे त्या राखेचीच नक्कल. त्यातून परभणीची काळी माती ओली असताना फुगते आणि सुकताना आकसून भेगाळते. हिवाळ्यात रान सुकत जातं तशा या भेगा वाढतात, आणि हवेला आत जायला वाट मिळते. खड्ड्याच्या काठाला मागच्या पिकाची वाळलेली धसकटं असतात. निखारा आत धुमसत राहतो, वर काही दिसत नाही. पुढे वारा सुटतो, माती सरकते, आणि शेजारी उभी कडब्याची गंज.

कापसाच्या पट्ट्यातल्या लोकांना ही धुमसण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. जिनिंगमध्ये एखादी ठिणगी रुईत शिरली आणि ती रुई तशीच दाबून 170 किलोची गाठ बांधली गेली, तर आग गाठीच्या पोटात दिवसेंदिवस राहू शकते. बाहेरून गाठ पांढरीशुभ्र. गोदामात नेल्यावर, कधी बऱ्याच दिवसांनी, ती उघडी पडते. हवा जवळजवळ नाही, ज्वाळा नाही, तरी आग आहे.

म्हणून आगटी विझवायची तर ती आधी मोडायची. काठीने निखारे पसरवायचे, म्हणजे एकमेकांची ऊब तुटते. मग पाणी, थोडं थोडं, कडेने. पुन्हा ढवळायचं, पुन्हा पाणी. पाण्याची ताकद त्याच्या ओलेपणापेक्षा वाफ होण्यात जास्त आहे: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2260 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती निखाऱ्यातूनच ओढली जाते. पण त्या एका लिटरची वाफ जवळपास 1700 लिटर होते आणि गरम राख घेऊन वर उसळते. त्यामुळे खड्ड्यावर वाकून बादली पालथी घालणाऱ्या शहरी पाहुण्याला कुणीतरी 'दाजी, जरा मागं सरा' असं म्हणायला हवं. शेवटी हाताची पालथी बाजू जमिनीजवळ नेऊन बघायची. ऊब लागली तर आग संपलेली नाही, मग डोळ्यांना काहीही दिसो.

आगटी पाण्याने मरते. ज्या यंत्रात पेलेट जळतात, त्याला मात्र शेवटी हवा द्यावी लागते, आणि मला चकित करणारी गोष्ट ती.

पेलेट म्हणजे भुसा किंवा पिकाचा काडीकचरा बारीक करून, छिद्रांच्या साच्यातून प्रचंड दाबाने काढलेल्या, सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यात वेगळा डिंक लागत नाही. दाबाच्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि गार होताना सगळं जखडून ठेवतं. मुंबईच्या माटुंग्यात 1924 पासून असलेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या सिरकॉटने, पऱ्हाट्यांपासून असे पेलेट करण्यावर काम केलंय. बांधावर नुसत्या जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्यांचा हा पुनर्जन्म म्हणायचा.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात पेलेट आले ते 'ऊर्जा' नावाच्या शेगडीतून. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं संशोधन, सुरुवातीला बीपी ही तेल कंपनी आणि पुढे पुण्याची फर्स्ट एनर्जी, असा तिचा प्रवास. 2006 च्या सुमारास ती बाजारात आली आणि महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून चार लाखांवर शेगड्या विकल्या गेल्या. नंतर पेलेटचा कच्चा माल महागला आणि घरगुती गणित बिघडलं, ती कहाणी वेगळी. शेगडीची करामत अशी, की सुमारे सहाशे ग्रॅम पेलेट एकदाच भरायचे आणि ते वरून पेटवायचे. खालून छोटा पंखा हवा देतो. वरचा थर तापून वायू सोडतो, तो तोंडाशी येऊन स्वच्छ जळतो, आणि जळण्याची सीमा हळूहळू खाली उतरत जाते. तासाभराच्या आत ती तळाला पोचते, ज्वाळा एकाएकी बसते, आणि भांड्यात उरतो फक्त लाल कोळसा. दोन आगी एकाच नळकांड्यात, वेळापत्रकानुसार एकीमागून एक.

इथून पुढे दोनच रस्ते. पंखा चालू ठेवून कोळसा पूर्ण जाळून टाका. नाहीतर तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता आणि झाकण लावा. डब्याला भेगा नसतात, म्हणून जे मातीला जमत नाही ते पत्र्याला जमतं. आतला ऑक्सिजन संपतो, आग गुदमरते, आणि सकाळी डबा उघडल्यावर हाताशी चांगला कोळसा येतो. डबा गार होण्याआधी झाकण उघडलं मात्र, की तो पुन्हा फुलू शकतो.

अमेरिकेत 1980च्या दशकात ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगरने पेलेटवर चालणारी ग्रिल रूढ केली. आता ती परदेशातल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणातही दिसते, वर पनीर नाहीतर मक्याची कणसं. तिच्यात एका पेटीत पेलेट असतात, मळसूत्र ते थोडे थोडे ढकलत नेऊन छोट्या अग्निपात्रात टाकतं आणि पंखा हवा देतो. बंद करण्याचं बटण दाबलं की मळसूत्र थांबतं, पंखा मात्र आणखी काही मिनिटं फिरत राहतो. नवख्याला वाटतं, बंद केलंय तरी हे का घुमतंय? ते घुमणं म्हणजेच विझवणं. पात्रात उरलेले पेलेट भरपूर हवेवर जळून राख होतात आणि मागे धुमसायला काही राहत नाही.

भिंतीवरचं बटण थेट बंद केलं किंवा प्लग काढला तर हा शेवट अर्धवट राहतो. अर्धे जळालेले पेलेट मळसूत्राच्या तोंडाशी पडून राहतात आणि आग मागे मागे, इंधनाच्या पेटीकडे सरकू शकते. आपल्याकडे भारनियमनाने हे काम कुणालाही न विचारता होईल. असं झालं तर झाकण बंदच ठेवावं. उघडलं की आत हवेचा लोंढा जातो. वीज परत आल्यावर लगेच सुरू करण्याचा मोह टाळावा. सगळं गार होऊ द्यावं, पात्रातले उरलेले पेलेट आणि राख काढावी, मग झाकण उघडं ठेवून पेटवावं. भरगच्च पात्र पेटवायला गेलं की आधी दाट पांढरा धूर येतो. तो फॅरेडेच्या मेणबत्तीतलाच न जळलेला वायू, फक्त पेटीभर. त्याला एकदम ठिणगी मिळाली तर झाकण उडवणारा भडका होतो. आणि पाणी? तापलेल्या यंत्रात मुळीच नाही. पत्रा वाकतो, वाफ अंगावर येते आणि राखेचा चिखल होतो.

ज्वाळा नसलेली आग आणखी एका कारणाने फसवी आहे. निखारा मंद होत जातो तसं कार्बनचं जळणं अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. थंडीत घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या यामुळे. कोमट ग्रिल पडवीत किंवा गाडीच्या शेडमध्ये ढकलून ठेवणं हा त्याचाच प्रकार. ती पूर्ण गार होईपर्यंत उघड्यावर राहू द्यावी.

राखेचंही तसंच. लाकडाच्या चांगल्या पेलेटची राख एक टक्क्याच्याही आत असते, पऱ्हाटी-तुराटीच्या पेलेटची बरीच जास्त. त्यामुळे पिकांच्या काड्यांवर चालणाऱ्या शेगडीचं पात्र वारंवार साफ करावं लागतं. काढलेल्या राखेत एखादा निखारा दिवसभराहून अधिक तग धरू शकतो, म्हणून ती आधी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जावी. उकिरड्यावर नंतर. भांडी घासायला ठेवायची असेल तरी प्लास्टिकच्या बादलीत ताजी राख भरू नये.

पावसाळ्याआधी पेटीतले पेलेट काढून हवाबंद डब्यात ठेवावेत, मळसूत्रही रिकामं चालवून मोकळं करावं. पेलेटमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आत असतं. जूनच्या दमट हवेत ते ओल ओढतात, पोह्यांसारखे फुगतात आणि कांडीचा परत भुसा होतो. तो मळसूत्रात सुकला की दगड बनतो, आणि हुरड्याच्या दिवसांत ग्रिल काढल्यावर मोटर घरघरते, पण एक पेलेट पुढे सरकत नाही.