तंजावरचा मनोरा आणि मापलेले चेहरे

तंजावरास जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसले घराण्याचा १८०३ सालचा मराठी शिलालेख भक्तिभावाने वाचतो, सरस्वती महालातील मोडी दफ्तराचे रुमाल पाहून हळहळतो, आणि आपली यात्रा पुरी झाली असे समजून परत फिरतो. परंतु तेथून सुमारे ६५ किलोमीटरांवर, पट्टुकोट्टईच्या पलीकडे सेतुबावाछत्रमजवळ अगदी समुद्रकाठी, त्याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजी महाराजांनी उभारलेला जो आठ मजली षट्‌कोनी मनोरा आहे, त्याची वाट सहसा कोणी धरीत नाही. मला मात्र या वास्तूने अनेक वर्षे पछाडले आहे. मराठी राजाने स्वतःच्या खर्चाने बांधलेला हा विजयस्तंभ त्याच्या कोणत्याही विजयाचा नाही. आपण ब्रिटिश सरकारचे मित्र व दोस्त असून, ब्रिटिश शस्त्रांना मिळालेले यश आणि बोनापार्टाचा झालेला पाडाव यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारीत आहोत, असे महाराजांनी तेथे मराठीसह अनेक भाषांत कोरून ठेवले आहे. जेथे कावेरीच्या शेतकऱ्याने बोनापार्टाचे नावही ऐकले असण्याचा संभव कमी, तेथे त्याच्या पतनाचे पंचाहत्तर फूट उंच स्मारक उभे राहिले.

हा मनोरा वॉटर्लूच्या लढाईचे स्मारक आहे, असे पुष्कळ प्रवासवर्णनांतून सांगितले जाते, आणि ही चूक मला नेहमी खटकत आली आहे. लेखावर साल आहे १८१४. वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ रोजी. महाराजांना अभिप्रेत होते ते एप्रिल १८१४ मधील नेपोलियनचे पहिले पदत्यागपत्र, ज्यानंतर त्याची रवानगी एल्बा बेटावर झाली. पुढील वसंतात तो एल्बाहून निसटून पुन्हा पॅरिसास पोहोचला, हे वर्तमान तंजावरी जेव्हा आले असेल तेव्हा दरबारात काय खळबळ उडाली असेल याचा विचार करावा. कारण तंजावरास फ्रेंच हे केवळ वृत्तपत्रातील नाव नव्हते. कारैकाल हे बंदर तंजावरच्याच राजाने अठराव्या शतकात फ्रेंचांना दिलेले होते, आणि कैरोहून नेपोलियनने टिपू सुलतानास पाठविलेल्या १७९९ सालच्या पत्राचा परिणाम श्रीरंगपट्टणच्या तटावर काय झाला, हे दक्षिणेतील प्रत्येक संस्थानिकाने डोळ्यांनी पाहिले होते.

तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास मी येथे धावताच सांगतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी १६७६ च्या सुमारास मसनदीवर बसले. पुढे शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी असे राजे झाले. तुळजाजींनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींचा हक्क तुळजाजींच्या सावत्र भावाने, अमरसिंहाने, डावलला व कंपनीने तो १७९८ मध्ये परत मिळवून दिला. त्याचे मोल म्हणून १७९९ च्या तहनाम्याने सारा मुलूख कंपनीकडे गेला, आणि महाराजांच्या हाती राहिला तो किल्ला, दरसालचे एक लक्ष होन व महसुलाचा पाचवा हिस्सा.

सरफोजींच्या मनोऱ्याचा अर्थ लावताना हा तहनामा जवळ ठेवावा लागतो. ज्याला स्वतःची फौज नाही, ज्याची गादी दुसऱ्याच्या मेहरबानीवर टिकून आहे, त्याने मेहरबानाच्या विजयाचा जयघोष केला तर त्यात स्तुती किती आणि कैफियत किती हे वेगळे काढता येत नाही, आणि म्हणून महाराजांना दोष देण्यास माझी लेखणी धजत नाही. त्या मैत्रीचे पुढे काय झाले तेही नोंदवावे. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी महाराज निपुत्रिक वारले. कंपनीने संस्थान खालसा केले व खासगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली, तेव्हा १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला.

आता सरस्वती महालाकडे वळतो, कारण माझ्या लेखाचा खरा विषय तेथील एका दालनात लटकलेला आहे. सरफोजींनी जमविलेल्या सुमारे साडेचार हजार युरोपीय ग्रंथांच्या संग्रहाचा गौरव सर्वांनी केला आहे, त्यांच्या नवविद्या कलानिधी छापखान्याचा आणि नेत्रवैद्यकाच्या सचित्र नोंदींचाही. पण ग्रंथालयाच्या संग्रहालयात फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची जी चित्रे मांडली आहेत, तेथे प्रेक्षक हसत हसत पुढे सरकतात. एका बाजूस घुबडाचे तोंड, दुसऱ्या बाजूस घुबडासारखा माणूस: तेच गोल व जवळजवळ आलेले डोळे, तीच चोचीसारखी वाकलेली नासिका, भुवयांच्या जागी तीच पिसारलेली कड. बैल आणि बैलमुखी मनुष्य, गरुड आणि गरुडमुखी मनुष्य, उंट, गाढव, लांडगा. चौदाव्या लुईच्या या दरबारी चित्रकाराने १६७१ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे प्रतिपादन केले की डोळ्यांच्या कोनांतून व नाकाच्या रेषेतून त्रिकोण काढले असता माणसाचा स्वभाव वाचता येतो. त्याची ही चित्रे १८०६ मध्ये पॅरिसात ताम्रपटांवरून छापली गेली. मी त्या घुबडासमोर बराच वेळ उभा राहिलो आहे, आणि माझ्या मागून आलेल्या एका तंजावरी मराठी गृहस्थांनी आपल्या दक्षिणी मराठीत नातवाला, "बघ, हा अगदी आपल्या मामासारखा," असे सांगितलेलेही ऐकले आहे. त्या विनोदात काहीच वावगे नव्हते. वावगे पुढे झाले.

कलकत्त्याचा बिशप हेबर १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरास आला, तेव्हा हा हिंदू राजा लव्हाझिये, लिनियस, बुफाँ यांची नावे सहज घेतो, हे पाहून तो थक्क झाला. मला त्या भेटीत एक कारुण्य दिसते. ज्या लिनियसचे नाव महाराज आदराने घेत होते, त्याने १७५८ च्या आपल्या ग्रंथात मनुष्यजातीचे रंगानुसार चार प्रकार पाडून युरोपीयास कायद्याने वागणारा आणि आशियाईस मतांच्या आहारी जाणारा ठरविले होते. यजमानाच्या कपाटात पाहुण्याचे जे शास्त्र होते, त्यात यजमानाची जागा खालच्या पायरीवर होती.

चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याचा छंद एकोणिसाव्या शतकात मोजपट्टी घेऊन शास्त्राच्या वेषात आला. तंजावर ज्यात होते त्याच मद्रास इलाख्यात, सरकारी संग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन माणसांची नाके मोजीत फिरला, आणि त्याचे दक्षिणेतील जातिजमातींवरील सात खंड १९०९ मध्ये निघाले. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हे त्या शास्त्राचे बीजगणित होते. आणि ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने तर जातीची सामाजिक पायरी नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते, असा सिद्धान्तच मांडला. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेच्या सिद्धान्ताची व्याप्ती उत्तर हिंदुस्थानापुरती असल्याचे दाखवून त्यास धक्का दिला, डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये घुर्ये यांचीच मापे घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशतः भिन्न नाहीत, असे त्याच मोजपट्टीच्या भाषेत सिद्ध केले. तरीही सरळ नाक आणि गोरा वर्ण यांविषयीचा आपला मोह काही ओसरला नाही. विवाहाच्या जाहिराती त्याची साक्ष देतात.

आणि आता मला अधिक दुःख देणारा भाग. सरफोजींनी परकीय सत्तेची स्तुती केली ती बांधलेल्या हातांनी. पुढच्या शतकात आमच्या सुशिक्षित, स्वाभिमानी, देशासाठी तुरुंगात गेलेल्या मंडळींनी परकीय हुकूमशहांची स्तुती केली ती मोकळ्या हातांनी. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, तेव्हा इटली हे स्वातंत्र्याचे नाव होते. पण पुढे इटलीवरील ते प्रेम मॅझिनीवरून सरकून मुसोलिनीवर स्थिरावले. केसरीतून फॅसिस्ट शिस्तीचे कौतुक येऊ लागले, त्याचे लंडनचे बातमीदार ताम्हनकर यांचे मुसोलिनीवरील पुस्तक १९२७ मध्ये निघाले, डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली, तेथील बालिल्ला ही मुलांची फॅसिस्ट संघटना पाहिली, आणि पुढे नाशिकास भोंसला मिलिटरी स्कूल स्थापले. १९३८ मध्ये पुण्याच्या सभेत सावरकरांनी जर्मनीस नाझीवाद व इटलीस फॅसिझम पत्करण्याचा अधिकार सांगितला. १९३९ मध्ये नागपुरास प्रसिद्ध झालेल्या गोळवलकरांच्या पुस्तकात जर्मनीच्या वंशाभिमानाचा दाखला गौरवाने आला. दुबळ्या राष्ट्रास बलिष्ठ माणसाचे आकर्षण वाटावे हे मी समजू शकतो. परंतु ज्या हिटलरचे हे कौतुक, त्याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थान इतर कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या अमलाखाली राहिलेला बरा, असे लिहून ठेवले होते, आणि ते वाचून घेण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. सुभाषबाबूंनी १९४२ मध्ये त्याच्यासमोरच तो विषय काढला, हे त्यांचे धैर्य. नेहरूंनी तर १९३६ मध्ये रोममध्ये मुसोलिनीची भेट घेण्याचेच नाकारले.

याच काळात एका मराठी स्त्रीने ते मोजपट्टीचे वंशशास्त्र आतून पाहिले. इरावती कर्वे, घुर्ये यांच्या विद्यार्थिनी, १९२८ मध्ये सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या, विरोधास न जुमानता व पती दिनकररावांच्या पाठिंब्याने बर्लिनला गेल्या, आणि दाहलेममधील मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली दाखल झाल्या. युरोपीयांच्या कवटीची उजवी बाजू अधिक विकसित असते व त्यातून त्यांची तर्कशक्ती श्रेष्ठ ठरते, ही फिशरची अटकळ. ती सिद्ध करण्यासाठी त्याने इरावतीबाईंना १४९ कवट्या मोजावयास दिल्या. त्यांनी त्या मोजल्या, डावी-उजवी बाजू पडताळली, आणि विषमतेचा वंशाशी संबंध लागत नाही असे प्रबंधात लिहिले. ज्या गुरूच्या हाती पदवी होती त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत. त्या वेळी त्या पंचविशीच्या आसपास होत्या. फिशरने उत्तीर्णतेपुरतेच गुण दिले. तोच फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि ऱ्हाइनलँडमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या मुलांचे १९३७ मध्ये जे सक्तीचे निर्बीजीकरण झाले, त्यात त्याच्या संस्थेच्या तज्ज्ञतेचा उपयोग झाला.

सरस्वती महालाच्या व्यवस्थापकांस माझी एक विनंती आहे. त्या घुबडाच्या चित्राशेजारी तमिळ, मराठी व इंग्रजीत एक पाटी लावावी, आणि तीवर ल ब्रँच्या त्रिकोणापासून थर्स्टनच्या मोजमापांपर्यंतची वाटचाल थोडक्यात देऊन इरावतीबाईंच्या त्या कवट्यांची व निष्कर्षाची हकीगत लिहावी. पाटीला फारशी जागा लागणार नाही, आणि तेथे नातवंडांना घेऊन येणारी मराठी व तमिळ माणसे पुष्कळ आहेत.