ऊन आणि सिलिकॉन : प्रकाश नेमका कुठला बंध तोडतो?

आज आपण बीडच्या उन्हापासूनच सुरुवात करू. शेतातल्या सौरपंपाचं पॅनल आठवा. काच आणि चौकट यांच्यामधला रबरासारखा सांधा बहुतेक वेळा सिलिकोनचा असतो. सिलिकोन म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची साखळी, तिला कडेनं कार्बनचे गट. बांधावर पडलेली प्लास्टिकची दोरी दोन-चार उन्हाळ्यांत कुसकरते, हा सांधा मात्र वर्षानुवर्षं टिकतो. ऊन तेच, मग फरक कशानं?

प्रकाशरसायनाचा पहिला नियम असा, की रेणू जो प्रकाश शोषून घेतो तोच बदल घडवतो. आरपार गेलेला प्रकाश कितीही प्रखर असो, काही करत नाही. ओझोन थरातून गाळून आलेल्या उन्हात सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी जवळजवळ नसतात, आणि सिलिकोनची साखळी त्याहून लांब लहरी शोषतच नाही. शिवाय सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात. ३०० नॅनोमीटरचा प्रकाश देतो सुमारे ४००. म्हणजे दोन्हीकडून दार बंद.

आता मधला ऑक्सिजन काढून सिलिकॉनला सिलिकॉन जोडू. हा बंध कमजोर असतो, आणि त्यातले इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतात. साखळी वाढेल तसा रेणू अधिक लांब लहरी शोषतो. इथे दार उघडतं.

याचं गाजलेलं उदाहरण १९८१ सालचं. रॉबर्ट वेस्ट, मार्क फिंक आणि योसेफ मिखल यांनी तीन सिलिकॉनच्या साखळीवर २५४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला. मधला सिलिकॉन सुटला; त्याला म्हणतात सिलिलीन. दोन्ही टोकं एकमेकांना जोडली गेली. मग दोन सिलिलीन एकत्र आले आणि सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंध तयार झाला. असं संयुग टिकणार नाही, असं तोवर मानलं जायचं. इथे अणूंवरच्या मोठाल्या गटांनी त्या बंधाला आडोसा दिला.

तिसरी वाट आडवळणाची आहे. केसांच्या सीरममधून हवेत उडालेलं सिलिकोन ऊन थेट तोडत नाही. ऊन आधी ओझोन फोडतं, त्यातून सुटलेला ऑक्सिजन बाष्पाशी मिळून हायड्रॉक्सिल मूलक बनवतो, आणि तो मूलक सिलिकोनवर तुटून पडतो.

आता आपल्या कामाचा प्रश्न. कापसावर फवारताना आपण सिलिकॉनचं स्टिकर मिसळतो. ते उन्हानं फुटतं का? त्याच्या साखळीतही सिलिकॉन-ऑक्सिजनच आहे, त्यामुळे खरा धोका उन्हापेक्षा पाण्याचा. पाण्याचा सामू ६ ते ८ च्या बराच बाहेर गेला, की ही साखळी पाण्यातच तुटू लागते, टाकी सावलीत ठेवली तरी. तेव्हा सामू तपासा, द्रावण लागेल तेवढंच करा आणि त्याच दिवशी संपवा. उन्हाला दोष देण्याआधी एवढंच विचारायचं : यानं प्रकाश शोषला का?