शस्त्रक्रियेपूर्वीची ‘काळजी’

मराठीत ‘काळजी’ वाटते, करावी लागते आणि घेतलीही जाते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाला ती वाटते. ‘काळजी करू नका’ एवढेच म्हणून परिचारिका निघून गेली, तर तिने ती घेतलेली नसते. एग्बर्ट व सहकाऱ्यांनी १९६४ साली उदरशस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा बॉस्टन येथील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना भूलतज्ज्ञाने वेदनेची पूर्वकल्पना व धीर दिला, त्यांना शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषधे सुमारे निम्मीच लागली. आध्यात्मिक शुश्रूषेचा प्रश्न याहून नाजूक. नामस्मरण, प्रार्थना की केवळ सोबतीचे मौन, हे रुग्णालाच विचारावे लागते. ‘देव आठवणे’ हा वाक्प्रचार मराठीत अतोनात संकटाचाही वाचक आहे. तो उपदेश न मागता कानी पडल्यास भय वाढण्याचाच संभव अधिक.