काचेच्या स्वाधीन केलेला अग्नी

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज मी आपल्यापुढे उभा आहे, त्यांनी याच शाळेच्या प्रयोगशाळेत एकदा निळ्या काचेची बांगडी सौम्य आम्लात बुडवून ठेवली होती. आठवडा उलटला तरी आम्लात रंगाचा लवलेशही उतरला नव्हता. "रंग काचेवर चढवलेला नाही, तो काचेत मुरला आहे," एवढेच ते म्हणाले. अणुकचऱ्याच्या विल्हेवाटीचा आजचा विषय पुढे मला त्या वाक्यामुळेच उलगडला.

अणुभट्टीत युरेनियमचे विखंडन झाले म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम अशी अनेक किरणोत्सारी द्रव्ये निर्माण होतात. वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातून युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतल्यावर जो द्रव उरतो, तो अत्यंत जोखमीचा असतो. द्रवाचा धर्म वाहण्याचा. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे अण्वस्त्रनिर्मितीतून उरलेला कचरा १७७ भूमिगत टाक्यांत साठविला गेला आणि त्यांतील कित्येक टाक्यांना पुढे गळती लागली.

म्हणून हा द्रव आटवून त्यात सिलिका, बोरॉन व सोडियम यांची संयुगे मिसळतात आणि ते मिश्रण सुमारे १००० अंश सेल्सियस तापमानास वितळवितात. स्फटिकाची रचना शिस्तबद्ध असते. तिच्यात परक्या अणूला सहजासहजी जागा मिळत नाही. काचेची रचना विस्कळीत असल्याने लहानमोठे नाना प्रकारचे अणू तिच्या जाळ्यात सामावतात. हा रस न गंजणाऱ्या पोलादाच्या डब्यांत ओतून निववितात व झाकणे सांधून टाकतात. महाराष्ट्रातील तारापूर येथे हे काम १९८०च्या दशकात सुरू झाले. पुढे ट्रॉम्बे व कल्पाक्कम येथेही तशी केंद्रे उभी राहिली. तारापूरच्या साठवणगृहात डब्यांची उष्णता हवेच्या नैसर्गिक प्रवाहानेच वाहून नेली जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काचेमुळे किरणोत्सार विझत नाही. ते काम काळच करतो. सीझियम-१३७चा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षांचा. म्हणजे ३०० वर्षांनी त्याचा जेमतेम हजारावा हिस्सा उरतो. १६७४च्या शिवराज्याभिषेकाला त्याहून अधिक काळ लोटला आहे. परंतु कचऱ्यात प्लुटोनियमचा जो अल्प अंश राहतो, त्याला निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. पाण्याच्या दीर्घ सहवासात काचही अतिमंद गतीने झिजते. यास्तव हे डबे अखेर खोल, अभंग खडकात ठेवावेत, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. तसे भांडार आपल्या देशात अद्याप झालेले नाही.

वीज आपण वापरली. तिची राख सांभाळण्याचे काम मात्र अजून न जन्मलेल्या पिढ्यांकडे जाणार आहे. त्यांच्या हाती गळकी टाकी द्यावयाची की बांगडीच्या रंगासारखे काचेत मुरलेले ओझे, एवढी निवड आपल्या हाती आहे. आज या बाकांवर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी त्या खडकाच्या शोधात उतरावे, हीच गुरुजींच्या स्मृतीस माझी आदरांजली.