गव्हाची सोयरीक

बसा पोरांनो, आज तुमच्या ताटातल्या पोळीच्या आईवडिलांची गोष्ट. आईच्या माहेरची ओळख आहे तुम्हाला. आजी खिरीसाठी खपली गहू आणते ना, कांडल्याशिवाय टरफल न सोडणारा, त्याच कुळातली ती. वडील म्हणजे मात्र निव्वळ रानगवत. शास्त्रज्ञ त्याला एजिलॉप्स टॉशी म्हणतात. शेतकऱ्याला दिसलं तर तो मुळासकट उपटून फेकेल.

आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला कुणीतरी खपलीच्या कुळातला गहू पेरला होता आणि कडेला हे गवत माजलं होतं. त्याचे पराग वाऱ्यानं गव्हाच्या फुलावर पडले, बी धरलं. पण पंचाईत पुढेच होती. गव्हाच्या पेशीत गुणसूत्रं 28, गवताच्या 14. दोघांनी आपापली निम्मी दिली, म्हणजे लेकराकडे 21. त्यांच्या जोड्याच लागेनात! घोडी आणि गाढवाचं खेचर होतं, पण खेचराचा वंश चालत नाही, तसंच हे. मात्र वनस्पतींकडे एक पळवाट असते. कधीकधी पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांची वाटणीच होत नाही. इकडे 21, तिकडे 21, मिळून 42; सगळ्या जोड्या जुळल्या. आपला रोजचा गहू तो हाच.

आता कुणाकडून काय आलं ते ऐका. भरदार दाणा आईचा. पण आईच्या कुळात दाणा मऊ करणारी जनुकं केव्हाच हरवली होती. म्हणून त्याच कुळातला बन्सी इतका कडक, त्याचा रवा झकास निघतो. ती जनुकं या गवतानं परत आणली, तेव्हा पीठ मऊसूत झालं. कणकेचा ताण, पाव फुगवणारी ताकद, थंडी सोसण्याचं बळ, यांतही बापाचा वाटा मोठा. उपटून फेकायच्या गवताची ही मिळकत, बरं का! माझ्या मते तर पावाचं निम्मं श्रेय त्याचंच.

हे नुसतं अनुमान नाही. 1944 मध्ये, ऐन महायुद्धात, अमेरिकेत मॅकफॅडन आणि सिअर्स यांनी अन् जपानमध्ये किहारा यांनी, एकमेकांची खबर नसताना, हाच बाप शोधून काढला. मॅकफॅडन-सिअर्स यांनी तर ते लग्न पुन्हा लावलं. गुणसूत्रं दुप्पट करायला अशा कामात कोल्चिसिन वापरतात. आपल्या कळलावीच्या कंदातही तेच विष असतं, त्याला हात लावू नका.

मूळ सोयरीक मात्र फार थोड्या वेळा जुळली. त्यामुळे त्या रानगवताच्या घराण्यातले कितीतरी गुण गव्हापर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेनं वेगवेगळ्या ठिकाणचं हेच गवत घेऊन असे शेकडो संकर नव्यानं केले. त्यांच्या वंशातलं ‘चुआनमाई 42’ हे तांबेऱ्याला दाद न देणारं वाण 2003 साली चीनच्या सिच्वान प्रांतात लागवडीसाठी आलं.