रद्दी, खळ आणि अमूर्त चित्र

अमूर्त चित्रात ओळखू येईल असे घर, झाड किंवा माणूस नसतो. रंग, आकार, पोत आणि त्यांच्यामधली मोकळी जागा एवढ्यावर ते चित्र उभे राहते. तीन-चार वर्षांच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. त्या वयात हात आधी चालतो, नाव मागाहून सुचते. आत्ता जी गाडी असते, तीच थोड्या वेळाने मांजर होते. अशा कामाला रद्दी कोऱ्या कागदापेक्षा बरी. कोरा कागद आणि पेन्सिल हाती आली की काहीतरी ‘काढून दाखवायचे’ असते. जुन्या कॅलेंडरचे पान बिघडण्याची मात्र कुणाला भीती नसते.

सुरुवात फाडण्यापासून करावी. कात्री साधारण चौथ्या वर्षानंतर, बोथट टोकाची. फाडताना दोन्ही हात उलट दिशांना चालतात, अंगठा आणि तर्जनी यांची पकड पक्की होते. कागदही आपले म्हणणे मांडतो. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले बरेचसे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने बसतात. म्हणून वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर बऱ्यापैकी सरळ पट्टी निघते आणि आडवे फाडले तर फाट वेडीवाकडी पळते. मासिकाचे रंगीत पान फाडले की एका तुकड्याला पांढरी किनार येते, दुसऱ्याला येत नाही, कारण छपाई फक्त वरच्या थरावर असते. मुलांच्या हे चटकन लक्षात येते आणि मग ती किनार मुद्दाम काढली जाते. लग्नपत्रिका, पतंगाचा कागद, खोक्याचा नालीदार पुठ्ठा, चुरगाळून पुन्हा उलगडलेले वहीचे पान, प्रत्येकाचा पोत वेगळा आणि फाटण्याचा आवाजही वेगळा. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या मात्र बाजूला काढाव्यात. उष्णतेने उमटणाऱ्या त्या छपाईच्या थरात बहुधा बिस्फेनॉल गटातली, अपायकारक मानली जाणारी रसायने असतात.

कागदाच्या तुकड्यांना चित्रकलेत मान मिळाला तो 1912 मध्ये, ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी चित्रात कागद चिकटवायला सुरुवात केली तेव्हा. त्यानंतर काही वर्षांतच हान्स आर्प या कलावंताने कागदाचे तुकडे खाली पडू देऊन, पडतील तसे चिकटवल्याचे सांगितले जाते. त्याची चित्रे पाहिली तर तुकडे संशय यावा इतक्या शिस्तीत पडलेले दिसतात. तरी मुलांसाठी हा खेळ उत्तम आहे: तुकडे उधळायचे, दोन-चार सरकवायचे आणि मगच चिकटवायचे. उतारवयात आजारपणामुळे चित्रकार मातीसने कात्री हाती घेतली. त्याच्या 1953 च्या ‘गोगलगाय’ या चित्रात रंगवलेल्या कागदांचे मोठे तुकडे गोल वळणाने मांडले आहेत. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशी उलटल्यावर गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रे केली, ती हातांच्या भरवशावर. नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनीही कॅनव्हासवर रंग उमटवण्यासाठी फाडलेल्या छापील कागदांचा वापर केला.

चिकटवायला घरची खळ पुरते. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मैद्याच्या चार-पाचपट पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण घट्ट आणि अर्धपारदर्शक झाले की उतरवावे. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत नको. मोरचुदाशिवाय खळ लवकर आंबते, म्हणून थोडीच करावी. खळ जाड लागली की चित्र सुकताना वळते: ओले तंतू फुगतात आणि सुकताना आखडतात. पातळ हात आणि रात्रभर पुस्तकांचे वजन, एवढा उपाय पुरतो.

उरलेल्या कपट्यांचा लगदा होतो. कपटे रात्रभर भिजवून, भरपूर पाण्यासह मिक्सरमधून काढावेत. मिक्सर मोठ्यांनीच चालवावा. चौकटीवर ताणलेल्या डासांच्या जाळीवर लगदा ओतून सुती कापडावर उलटा करावा आणि स्पंजाने पाणी टिपावे. वेगवेगळ्या रंगांचा लगदा शेजारी-शेजारी ओतला तर कागद तयार होतानाच चित्र होते. चकचकीत कागदात मातीचे प्रमाण जास्त असल्याने त्याचा लगदा कमजोर निघतो. वहीचा कागद त्यात मिसळावा.

चित्र चालू असताना ‘हे काय आहे?’ हा प्रश्न सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण मग मूल उत्तराला साजेसे काहीतरी काढू लागते. ‘हा खरबरीत तुकडा आणखी कुठे हवा?’ असे विचारले तर बोलणे चित्राबद्दलच राहते. तुकड्यांच्या कडा सरळ करून देण्याचा मोहही आवरावा. बालवाड्यांच्या भिंतींवर एकसारखी पंचवीस चित्रे दिसतात ती बहुधा बाईंच्या हातची असतात.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन हे द्रव्य राहिलेले असते, त्यामुळे उन्हात लावलेले चित्र काही दिवसांत पिवळे पडते. जपून ठेवायचे असेल तर त्याचे छायाचित्र लगेच काढावे आणि मूळ चित्र अंधाऱ्या, कोरड्या कपाटात आडवे ठेवावे.